टोमॅटो १९ दिवस तसाच आहे, दुकानदार म्हणतोय जीएम (लॅबमधे जनुक बदललेलं) आहे. खरं का?

कडेगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा दीड एकर टोमॅटो आहे, तार-काठीवर. दरवर्षी जी व्हरायटी लावतो तिची रोपं यंदा नर्सरीत शिल्लकच नव्हती, मग दुकानदारानं दुसरीच गळ्यात मारली. गळ्यात मारली म्हणतोय पण माल एक नंबर निघाला, खोटं कशाला बोला. तिसऱ्या तोड्याचे दोन टोमॅटो मी सहज खिडकीत ठेवले आणि शेजारी परड्यात आपोआप उगवलेल्या गावरान झाडाचा एक. गावरान चौथ्या दिवशी बसला, सहाव्या दिवशी पाणी सुटलं, चिलटं घोंगावायला लागली, आईनं शिव्या घालत उकिरड्यावर टाकला. हे दोघं आज १९ दिवस झाले, लालभडक झालेत, देठाकडं जराशी सुरकुती, पण अंगठ्यानं दाबलं तर टेनिस बॉलसारखे, बोट आत जात नाही.

दुकानदाराला विचारलं तर इकडं तिकडं बघून आवाज बारीक करून म्हणतो, "जीएम आहे, कुठं बोलू नको." आता माझीच चूक, मी हे घरी येऊन बोललो. तेव्हापासनं वडील त्या टोमॅटोला हात लावेनात. दारात दीड एकर टोमॅटो आणि आमच्या घरात आमटीला बाजारातनं पाव किलो विकत आणलाय, बोला आता.

तर मला दोन-तीन गोष्टी कळत नाहीत. हे खरंच जीएम असतं का आणि असलं तर असं गुपचूप विकतात का, खायला काय होतं का, आणि फळ टिकवायचं असलं काही तंत्र असेल तर ते आपल्यापर्यंत सरळ का येत नाही, कारण गरज आपल्यालाच आहे ना. मागच्या मे महिन्यात वाशीला निघालेली गाडी घाटात बंद पडली, रात्र आणि अर्धा दिवस उन्हात उभी, ११० कॅरेटातली ४० बदल्यात, म्हणजे खराब मालात, गेली. पट्टी बघून वडील दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. जाणकारांनी सांगा.

अडत_कराड

जीएम म्हणजे गुड मॉर्निंग असेल रे 😀 दुकानदार फेकतोय. भारतात जीएम टोमॅटो विकायला परवानगीच नाही. शेतात लावायला परवानगी असलेलं एकच पीक, बीटी कापूस (अळी मारणारा जीन घातलेला), २००२ पासनं. बाकी सगळं अजून कोर्टात नाहीतर फायलीत.

तुझा माल टिकतोय कारण ती ट्रान्सपोर्टची व्हरायटी आहे. जाड सालीचा, आत गर घट्ट, पाणी कमी. आम्ही अडतीवर रोज बघतो, असला माल कॅरेट आपटला तरी फुटत नाही. गिऱ्हाईक नाकं मुरडतं पण व्यापारी दोन रुपये जास्त देऊन उचलतो.

सातारची_मास्तरीण

कराडवाल्यांचं बरोबर आहे, पण पोरानं विचारलंय "असं तंत्र असतं का", त्याचं उत्तर जरा लांब आहे. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे लेक्चर झालं तर माफ करा.

टोमॅटो मऊ का पडतो इथनं सुरू करू. कच्च्या फळात पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात, विटांच्या मधे सिमेंट असतं तसं. पाचगणीकडं जॅम करतात तो घट्ट होतो तो पण ह्याच पेक्टिनमुळं. फळ पिकायला लागलं की ते स्वतःच एन्झाईम, म्हणजे रासायनिक कात्र्या, तयार करतं आणि हे सिमेंट कापत सुटतं. पिकायचा हुकूम कोण देतं, तर इथिलीन नावाचा वायू, तोही फळच सोडतं. आपण आंबे आढीत गवताखाली कोंडतो तेव्हा हाच वायू आत धरून ठेवतो. "एक नासका आंबा आढी नासवतो" म्हणतात त्यात बुरशीचा हात आहेच, पण नासणारं फळ शेजाऱ्यावर जो इथिलीन सोडतं त्याचा पण आहे.

आता जीनची, म्हणजे जनुकाची, गोष्ट. १९६० च्या दशकात अमेरिकेत ब्रीडर लोकांना एक टोमॅटोचं झाड सापडलं ज्याची फळं पिकेचनात. महिने गेले तरी लिंबासारखी पिवळट राहायची, लाल नाही की मऊ नाही. निसर्गातच झालेला बदल, लॅबमधे कुणी काही केलेलं नाही. त्याला नाव पडलं "रिन". नुसतं रिन असलेलं फळ खायच्या लायकीचं नसतं, पण साध्या टोमॅटोशी संकर केला की मधलं काहीतरी मिळतं, लाल होतं पण सावकाश, आणि टिकतं भरपूर. जगात जास्त टिकणारे म्हणून जे हायब्रीड विकले जातात त्यातल्या बऱ्याच जणांत हे रिन आहे. म्हणजे जीन तर आहेच भाऊ, पण जीएम नाही, परागकण नेऊन टाकलेला साधा संकर. तुमच्या व्हरायटीत रिन आहे की नुसती जाड साल आहे ते मला इथनं कळणार नाही, पण पाकीट असेल तर फोटो टाका.

खरा जीएम टोमॅटो पण येऊन गेलाय. १९९४ मधे अमेरिकेत कॅलजीन नावाच्या कंपनीनं "फ्लेवर सेव्हर" नावाचा टोमॅटो बाजारात आणला, सरकारची परवानगी मिळालेलं जगातलं पहिलं जीएम अन्न ते. त्यांनी वर सांगितलेल्या कात्र्यांपैकी एकीचा, पॉलीगॅलॅक्ट्युरोनेजचा, जीन उलटा बसवून तिला गप्प केलं. आयडिया अशी की झाडावरच लाल होऊ द्या, मग तोडा, तरी घट्ट राहील आणि चव पण येईल. झालं काय, की ती एक कात्री बंद करून फळ पाहिजे तेवढं घट्ट राहिलंच नाही, ट्रकमधे मार खायचं, खर्च वाढला, आणि १९९७ पर्यंत सगळं गुंडाळलं. लोकांना वाटतं विरोध झाला म्हणून बंद पडला, विरोध होताच, पण खरं तो कॅरेटनं मारला.

(पुढचा भाग जेवण झाल्यावर लिहिते, कुकर वाजतोय)

अडत_कराड

"कॅरेटनं मारला" 👏 आमच्या लायनीत सगळ्यांचं असंच होतं.

वाईची_काकू

मास्तरीणबाई छान समजावलं हो. पण मला एक सांगा, हे दिवस वाढवायच्या नादात चव गेली त्याचं काय? माझी सासू टोमॅटोचं सार करायची, नुसती जिऱ्याची फोडणी, वास गल्लीच्या टोकाला. हल्लीचा टोमॅटो चार शिजवले तरी भांड्यात लाल पाणी, शेवटी चिंच नाहीतर गूळ टाकून वेळ मारून न्यायची. टिकतो म्हणजे काय, शोकेसमधे ठेवायचाय का?

आणि स्ट्रॉबेरीचं पण तेच. माझं माहेर भिलारकडं आहे, तिथं भाऊ पहाटे तोडून पनेट, म्हणजे छोट्या डब्या, भरतो, संध्याकाळी गाडी मुंबईला. ती तर एकदा तोडली की पुढं पिकतच नाही, म्हणजे लाल असतानाच तोडायला पाहिजे आणि लाल तोडली की तीन दिवसांत करडी बुरशी. पनेटात खाली एकीला लागली की बाकीच्या गेल्या. त्याला काही उपाय आहे का तुमच्या जीनमधे? असेल तर मी चवीची तक्रार जरा कमी करीन 🙂

सातारची_मास्तरीण

काकू तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. पिकणं म्हणजे नुसतं मऊ होणं नाही ना, रंग, साखर, वास सगळं त्याच हुकुमानं होतं. रिनसारखा बदल हुकूमच दाबून टाकतो, मग मऊपणाबरोबर वास पण कमी. आणि आपण वर हिरवाच तोडतो.

एक घरातली गोष्ट सांगते. टोमॅटो फ्रीजमधे ठेवू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या संशोधकांनी २०१६ मधे दाखवलं की पिकलेला टोमॅटो ५ डिग्रीला आठवडाभर ठेवला की वास तयार करणारे जीन गप्प होतात, डीएनएवर रासायनिक खुणा चढतात, आणि बाहेर काढून एक दिवस ठेवला तरी वास पूर्ण परत येत नाही. म्हणजे काकू, निम्मी चव सासूबाईंबरोबर गेली आणि निम्मी आपल्या फ्रीजमधे.

नवीन संशोधनात हाच प्रश्न पकडलाय, की हुकूम दाबायचा नाही, नुसती योग्य ती कात्री शोधायची. २०१६ मधेच इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या टीमनं दुसरी कात्री धरली, पेक्टेट लायेज. ती बंद केल्यावर फळ घट्ट राहिलं आणि रंग-चवीत फरक पडला नाही. म्हणजे १९९४ वाल्यांनी कात्री चुकीची धरली होती असं म्हणायला हरकत नाही. स्ट्रॉबेरीत पण हाच जीन स्पेनमधे वीसेक वर्षांपूर्वी दाबून बघितलाय, फळ घट्ट राहतं. घट्ट राहिलं की साल फुटत नाही, साल फुटली नाही की बुरशीला आत शिरायला वाट कमी. पण तुमच्या भावाला मिळेल असं रोप त्यातनं अजून आलेलं नाही, उगाच आशा लावत नाही.

आणि आपलेच लोक मागे नाहीत. दिल्लीच्या एनआयपीजीआर ह्या वनस्पती-जीनोम संशोधन संस्थेनं २०१० मधे टोमॅटोत पेशीभित्तीवरच्या साखरेच्या साखळ्या तोडणारी दोन एन्झाईम एकेक करून दाबली, फळ दुपटी-अडीचपटीनं घट्ट आणि साधारण ३० दिवस जास्त टिकलं. तेव्हा पेपरात फोटो पण आले होते. मग? मग काही नाही. पेपर छापून झाला, रोप काचघरात राहिलं.

कृष्णाकाठचं_वांगं

मग काही नाही कारण त्याच वर्षी बीटी वांग्याचं जे झालं ते झालं. ऑक्टोबर २००९ मधे जीईएसीनं, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनं, मान्यता दिली, मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, आपल्या नागपुरात पण झाली, आणि फेब्रुवारी २०१० ला स्थगिती. बांगलादेशनं तेच वांगं २०१३ मधे मंजूर करून पुढच्या वर्षी शेतकऱ्यांना दिलं. आपण अजून स्थगितीतच.

पण मी विरोधातलाच आहे हे आधीच सांगतो. मी सांगलीचा, आमच्याकडं वांग्यावर कुणी हसू नये. कृष्णाकाठच्या वांग्याचं बी आमच्या घरात आजीच्या काळापासनं राखेत घालून ठेवतात. उद्या टिकाऊ टोमॅटो, टिकाऊ वांगं आलं तर बी कुणाचं? दरवर्षी पाकीट. आणि फायदा कुणाला, तर माल साठवून ठेवणाऱ्याला. शेतकऱ्याचा टोमॅटो महिना टिकला तर शेतकरी महिनाभर भाव बघत बसणार नाही, व्यापारी बसणार. आज निदान नासतोय म्हणून त्याला लगेच उचलावा लागतो.

अडत_कराड

वांगं साहेब आम्ही काय राक्षस आहोत का 😀 आणि बी म्हणाल तर हायब्रीडचं पाकीट आत्ता पण दरवर्षीच घेताय की. त्यात जीएम कुठनं आलं?

पण महिना टिकला तर भाव पडणार हा मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही.

फलटणची_मेंढी

विषय टोमॅटोचा आहे पण "जीन म्हणजे लॅबमधला राक्षस" हे वाचलं की मला राहवत नाही. आमच्या फलटणला निंबकरांची संस्था आहे, नारी. त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीचा एक जीन आणला, जुळी देणारा. आणला म्हणजे सुई टोचून नाही, मेंढा लावून, पिढ्यान् पिढ्या संकर करून. फक्त कुठल्या कोकराला तो जीन मिळाला ते रक्ताची डीएनए टेस्ट करून बघायचे, म्हणजे मेंढी व्यायची वाट बघत बसायला नको. ती नारी सुवर्णा. आमच्याकडं आहेत, जुळी होतात, दूध पुरवायला आमची तारांबळ होते ती वेगळी.

सांगायचं एवढंच की टोमॅटोत पण असंच करता येतं ना? टिकाऊपणाचा जीन कुठल्या रोपात आहे ते दोन पानाचं रोप असताना टेस्ट करायचं, फळाची वाट बघायची नाही.

सातारची_मास्तरीण

अगदी बरोबर, आणि बियाणे कंपन्या हे रोज करतात, फक्त पाकिटावर लिहीत नाहीत. त्याला जीएमचा कुठलाच कायदा लागत नाही.

मधला आणखी एक रस्ता आहे, जीनोम एडिटिंग. बाहेरचा जीन आणायचा नाही, आहे त्याच जीनमधे एक-दोन अक्षरं खोडायची. मार्च २०२२ मधे केंद्रानं असल्या रोपांना, म्हणजे ज्यात शेवटी बाहेरचा डीएनए उरत नाही त्यांना, जीएमच्या बऱ्याचशा नियमांतनं सूट दिली. मे २०२५ मधे भाताच्या दोन जाती जाहीर पण झाल्या, हैदराबादची कमला आणि दिल्लीची पुसा डीएसटी राईस १. भात आहेत, टिकाऊपणाशी संबंध नाही, पण दार उघडलंय. परदेशात न काळं पडणारं मशरूम अमेरिकेत पेन स्टेटला २०१६ मधे असंच केलं होतं. कापलेलं सफरचंद तपकिरी न पडणारं आर्क्टिक ॲपल २०१५ ला मंजूर झालं, ते मात्र जीएममधे धरतात. आणि जपानमधे २०२१ पासनं एडिट केलेला टोमॅटो लोक विकत घेतात, तो पण टिकण्यासाठी नाही, ब्लड प्रेशरसाठी म्हणून.

वांगं दादांचा बियाण्याचा मुद्दा मी खोडत नाही. आपल्याकडं हे काम सरकारी संस्थेतनं आलं तर एक, कंपनीकडनं आलं तर दुसरं. पण "खायला काय होतं का" हा प्रश्न वेगळा आहे, दोन्ही एकत्र कालवू नका. आणि जाता जाता, सरकीचं तेल आपण खातोय आणि सरकी पेंड म्हशीला घालतोय, ती बहुतेक सगळी बीटी कापसाचीच असते, २००२ नंतरची. ह्यात गुपचूप काही नाही, आपणच विचारत नाही.

हरिपूरकर_आबा

पोरांनो तुमचं चालू दे, आम्ही हरिपूरचे. टिकवायची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्याकडं हळदीची पेवं होती, जमिनीत. माती अशी की आत पाणी झिरपत नाही. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती, मग दोन वर्ष न्या नाहीतर पाच वर्ष न्या, कीड लागत नाही. औषध नाही, पावडर नाही. का लागत नाही, तर आतली हवा संपते, किडा गुदमरून मरतो.

माणूस पण मरतो. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी कंदील दोरीनं सोडायचा. विझला तर थांबायचं. माझ्या चुलत्यानं घाई केली होती एकदा, वर ओढून काढला, वाचला, पण नंतर पेवाकडं फिरकला नाही.

२००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. पाणी आत शिरलं, हळद कुजली, वास महिनाभर गावात. मग सगळे कोल्ड स्टोरेजला पळाले. आता विचारतो, त्याचं बिल भरायचं का बियातच काही करून टाकायचं, दोन्हीत स्वस्त काय?

सातारची_मास्तरीण

आबा, लाखमोलाचं. तुमचं पेव आणि सफरचंदाचं आधुनिक स्टोरेज एकाच तत्त्वावर चालतं, ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. फरक एवढाच की तिथं कंदिलाऐवजी मीटर असतो. स्वस्ताचं उत्तर पिकाप्रमाणं बदलतं. सुकी हळद टिकतेच, तिला कोरडं ठेवलं की झालं, तिथं जीनला हात घालायची गरज नाही. टोमॅटो नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आहे, तो पेवात घातला तर आठवड्यात चटणी होईल.

कडेगावचा_पोरगा

बापरे, मी एक प्रश्न विचारला आणि इथं सगळी कृष्णा वाहतीय. सगळ्यांना धन्यवाद.

पाकीट सापडलं, नर्सरीवाल्याकडनं मागून आणलं. वर "एफ १ हायब्रीड" लिहिलंय, म्हणजे पहिल्या पिढीचा संकर, जीएम असा शब्द पण नाही. वडिलांना चष्मा लावून वाचायला दिलं. त्यांनी मागं-पुढं बघितलं आणि म्हणाले, "मग त्या दुकानदाराला खोटं बोलायची काय हौस?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मास्तरीणबाई अजून एक, रागावू नका. टिकणं ठीक आहे, पण टिकलेलं चांगलं असतंय का? आमच्याकडं उन्हाळी भुईमूग पण असतो. गेल्या वर्षी पोत्यातल्या शेंगांना बुरशी आली, वरनं पुसून आईनं भाजून चटणीला घेतल्या. कुणाला काय झालं नाही, पण मला ते बरं वाटलं नाही.

सातारची_मास्तरीण

रागवत नाही, उलट हाच खरा प्रश्न. घट्ट, ताजं आणि सुरक्षित ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण एकच समजतो.

भुईमुगाचं आधी. त्या शेंगा खाऊ नका, आणि आईंना सांगा की भाजलं म्हणून धोका जात नाही. हिरवट-पिवळी बुरशी असते, अस्परजिलस फ्लेव्हस, ती अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते यकृताला घातक आहे, कॅन्सरपर्यंत जातं, आणि कढईच्या उष्णतेला दाद देत नाही. आज खाल्लं आणि उद्या पोट दुखलं असं पण नसतं, म्हणून "कुणाला काय झालं नाही" ह्याला अर्थ नाही. दिसायला बुरशी पुसली तरी विष दाण्यात उतरलेलं असतं. पेंड करून म्हशीला घातलीत तर दुधात पण उतरतं.

ह्यावर जीनचं काम मात्र खरंच भारी झालंय आणि ते आपल्या जवळच झालंय, हैदराबादजवळ पटणचेरूच्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत, २०१७ ला. त्यांनी भुईमुगाला दुहेरी संरक्षण दिलं, एक म्हणजे बुरशीला वाढू न देणारी प्रथिनं, आणि दुसरं म्हणजे दाण्यातनंच असा निरोप जातो की बुरशीचा विष बनवायचा जीनच बंद पडतो. बुरशी आलीच तरी विष जवळपास नाही. मला विचाराल तर टोमॅटो महिनाभर टिकवण्यापेक्षा हे शंभरपट कामाचं. पण ते पण जीएममधे धरतात, त्यामुळं शेतात नाही. तोपर्यंत शेंगा उन्हात खडखडीत वाळवा, हलवल्यावर दाणा आत वाजला पाहिजे, आणि पोतं फरशीवर नको, फळीवर.

आता टोमॅटोचं. माल धुता का?

कडेगावचा_पोरगा

धुतो की. चिखल असला की विहिरीशेजारच्या टाकीत बुडवून काढतो, चकाकी येते.

सातारची_मास्तरीण

दुपारचा तोडा असेल तर ते लगेच बंद करा. उन्हातनं आलेलं फळ आतनं गरम असतं. ते गार पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतनं टाकीतलं पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्यात जनावरांच्या शेणाचं काही असलं, साल्मोनेला जंतूसारखं, तर ते फळाच्या पोटात जाऊन बसतं, वरनं कितीही धुवा. आणि तुमचा टोमॅटो १९ दिवस टिकतो म्हणजे आतल्या पाहुण्याला पण तेवढे दिवस मिळाले.

हे पकडायला जीनचंच दुसरं तंत्र आहे. टोमॅटोचा नाही, जंतूचा डीएनए वाचायचा. अमेरिकेत २०१२ पासनं जीनोमट्रॅकर नावाचं जाळं आहे, आजारी माणसाच्या पोटातला जंतू आणि कारखान्यात सापडलेला जंतू एकाच घरातले आहेत का ते अक्षरं लावून बघतात. जर्मनीत २०११ ला ई. कोलाय जंतूची साथ आली, पन्नासवर माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ घेतला, तिकडच्या शेतकऱ्यांचा माल फुकट गेला. जंतूचा जीनोम काही दिवसांत वाचून झाला, हा नेमका कुठल्या जातीचा आणि इतका जहरी का ते कळलं. पण आला कुठनं हे शेवटी माणसांना "काय काय खाल्लं" विचारत आणि बिलं तपासत शोधावं लागलं. तर निघाले मोड आलेले मेथीचे दाणे, बी इजिप्तचं. मी वर्गात हे सांगितलं की पोरं दोन दिवस डब्यात उसळ आणत नाहीत. उसळ शिजवतो आपण, घाबरू नका, ते लोक कच्चे मोड खात होते.

वाईची_काकू

मी हे सूनबाईला वाचून दाखवलं. ती कच्चे मोड घालते सॅलडमधे. आता आमच्याकडं शीतयुद्ध चालू आहे, मास्तरीणबाई तुमच्यामुळं.

कृष्णाकाठचं_वांगं

भुईमुगाचं मला माहीत नव्हतं. ते सरकारी बी म्हणून आलं, शेतकऱ्याला परत पेरता आलं, तर मी त्याला विरोध करणार नाही. टोमॅटोला करणार.

कडेगावचा_पोरगा

शेवटचं अपडेट देतो. टाकी बंद केली, आता तोडा सकाळी सातच्या आत आणि चिखल असला तर ओल्या फडक्यानं पुसतो. बायका म्हणतात वेळ जातो, जातोच. भुईमुगाचं अर्धं पोतं आईनं मनावर दगड ठेवून खड्ड्यात घातलं.

आणि खिडकीतले ते दोन. आज २६ वा दिवस. बाहेरनं अजून घट्ट, म्हटलं बघू तरी आत काय आहे, विळीवर धरला तर आत बियांना मोड आलेले! पांढरे, नखाएवढे, गरात वळवळल्यासारखे दिसत होते, आई तर किडे समजून ओरडलीच. बाहेर लाल बॉल आणि आत रोपवाटिका. वडील लांबनं बघत होते, म्हणाले, "फळाला कळंना आपण म्हातारं झालोय ते, बियाला कळलं."

खाल्ला नाही कुणी. आईनं ते मोड तेलाच्या जुन्या डब्यात माती घालून लावलेत. हायब्रीडचं बी आहे, काय निघेल ते निघेल, आलं तर फोटो टाकतो.

अडत_कराड

आलं तर माझ्याच अडतीवर आण, दोन रुपये जास्त देतो 😀